विहीणबाई, मी आणि जाड झालेला कुत्रा

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला उंबऱ्याची ठेच लागली आणि तीन आठवडे झाले तरी ती जखम भरेना, तेव्हा जुन्नरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. साखर निघाली. हे मुलीला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. मुलीचे बाबा गेल्यापासून मी एकटीच राहत होते आणि माझं बरं चाललं होतं. पण शेजारणीने मला न विचारता मुलीला घोडेगावला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मुलगी दारात हजर. पंधरा दिवस चल, पथ्याची सवय लागली की परत ये, असं तिने सांगितलं. ते पंधरा दिवस पुढे दोन महिन्यांवर गेले.

शिक्षिकेच्या नोकरीतून सुटून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तेहतीस वर्षं मी पहिली ते चौथीची पोरं शिकवली. पोरांना मी काय शिकवलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण पोरांकडून मी एक विद्या पक्की शिकले. चिंचा, बोरं, आवळे वर्गात आणायचे असले तर पोरं ते दप्तरात ठेवत नाहीत, कारण बाई दप्तर बघतात. हुशार पोरगं ते छत्रीत ठेवतं. जी वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि जिचं काम भलतंच असतं, तिच्यात हात घालायचं कोणाला सुचत नाही.

तर मुलगी माझ्या कपड्यांची पिशवी भरत होती तेव्हा मी गुडघ्याला शेकायची रबरी पिशवी आणून तिच्या हातात दिली. त्या पिशवीला मी लाल लोकरीची खोळ विणलेली होती. मुलीने माझ्या सामानातून पेढ्यांचा पुडा काढला, साखर लावलेली बडीशेप काढली, चिक्कीसुद्धा काढली. रबरी पिशवी मात्र तिने आपल्या हाताने घडीवर ठेवली आणि म्हणाली, बरं झालं आठवलं तुला, थंडी आहे. खोळीत रबराच्या बाजूने राजगिऱ्याचे लाडू होते.

घोडेगावला मुलीचं घर गावाच्या जरा बाहेर, उसाला लागून. घरात जावई, मुलगी, तिसरीतली नात, आणि जावयाच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई. जावई कचेरीत नोकरीला. मुलगी घरीच शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची. शिवाय एक तांबडा गावठी कुत्रा, जो पिल्लू असताना जावयाच्या स्कूटरमागे पळत घरापर्यंत आला होता आणि मग राहिला. आणि एक मांजर. मांजर विहीणबाईंचं. ते दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नसे आणि दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसत नसे.

विहीणबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. शाळेत गेलेल्या नाहीत, पण बोलायला लागल्या की मला माझं शिक्षण बाजूला ठेवावं लागे. मुलीच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागायचो. मी कधी गेले तर दोन दिवस राहायचे, त्या मला चहा हातात आणून द्यायच्या, मी साडी नेसवायची, आणि निरोप घ्यायचा. पंधरा दिवस एका खोलीत झोपायची वेळ पहिल्यांदाच आली.

पथ्य दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी उठल्यावर कारल्याचा रस. नऊ वाजता गोळी, आणि गोळीनंतर अर्ध्या तासाने नाचणीची भाकरी आणि तेल न घातलेली दुधीची भाजी. दुपारी दुधीच्या जागी पडवळ. रात्री पुन्हा दुधी. मुलगी प्रेमाने करायची, पण ती प्रेमाने केलेली दुधीही दुधीच असते. तीन दिवस मी खाल्ली. चौथ्या दिवशी कुत्रा माझ्या पाटाशेजारी येऊन बसला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी आधी चतकोर दिली. त्याने ती न चावता गिळली. मग मी अर्धी दिली. भाजीत बुडवून दिली तर दुधीही गेली. विहीणबाई गुडघ्यांमुळे खाली बसत नसत, त्या खिडकीजवळच्या खाटेवर ताट घेऊन बसायच्या, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. मुलगी आत भाकऱ्या थापत असायची. नात, सुट्टीचा दिवस सोडला तर, शाळेत. माझं ताट मिनिटात स्वच्छ व्हायचं आणि मुलगी बाहेर येऊन म्हणायची, बघ, सवय लागली की नाही.

बारा वाजले की मी गुडघा शेकायचं निमित्त करून आत जायचे आणि एक लाडू खायचे. कधी दोन. आणलेले लाडू आठवड्यात संपले, पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि किराणा दुकान चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

आता विहीणबाईंचं सांगते. त्यांना मशेरी लावायची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती पूड बोटाने दातांना घासत बसायची. त्यांच्या खालच्या हिरडीला एक फोड आला होता, तो काही केल्या जात नव्हता, म्हणून जावयाने घरात मशेरीला बंदी घातली होती. त्या दिवसापासून विहीणबाईंनी मशेरी सोडली, असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या दुपारी मागे लिंबाच्या झाडाकडे मांजराला हाक मारायला जातात, आणि मांजर तर त्यांच्याच पायाशी असतं.

एका दुपारी त्या बोट धुऊन आत आल्या, मी तोंड पुसत होते. त्यांनी मान वाकडी करून माझ्या लाल खोळीकडे पाहिलं.

"ईहीनबाई, तुमच्या त्या पिशवीत गरम पानी हाय का अजून?"

मी म्हटलं, "आहे थोडं."

"मग शेका. मी न्हाई बघत."

त्यानंतर आमचं एकमेकींशी जपून वागणं बंद झालं. आम्ही दुपारी एकाच वेळी आपापल्या कामाला जायला लागलो. त्यांना लाडवांचं माहीत होतं, मला मशेरीचं. भाकरीचं मात्र मी त्यांनाही सांगितलं नव्हतं, कारण कुत्रा त्यांच्या मुलाचा आणि लाडका त्यांचा.

तीन आठवड्यांनी जावयाने मला घोडेगावातल्या डॉक्टरांकडे नेलं. वजन दोन किलोने उतरलं होतं. मुलगी इतकी खूश झाली की मला जरा लाज वाटली. रक्तातली साखर मात्र होती तिथेच होती. डॉक्टर कागद उलटसुलट करून बघत राहिले. एवढं पथ्य, एवढं वजन कमी, आणि साखर हलत कशी नाही? मी म्हटलं, वय झालं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, आणि गोळी घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही असं दोनदा बजावलं. मी होकार दिला. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा मी असाच होकार द्यायचे.

माझं वजन उतरत होतं तसा कुत्रा गोल होत चालला होता. आधी त्याच्या फासळ्या मोजता यायच्या. आता तो चालायला लागला की पोट एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचं. कोंबड्यांनी त्याला भ्यायचं सोडून दिलं. आमच्या भागात तेव्हा बिबट्याचा, गावच्या बोलीत वाघाचा, सुळसुळाट होता, ऊस उभा असला की संध्याकाळनंतर कोणी कुत्रं बाहेर ठेवत नसे. दिवे लागले की याला आत घ्यायचे. पूर्वी तो एका हाकेत उडी मारून ओट्यावर यायचा. आता जावयाला त्याला मागून ढकलावं लागायचं.

घाबरल्या त्या विहीणबाई. डोळ्यांना कमी दिसत असलं तरी हात लावल्यावर त्यांना कळलं. एका सकाळी त्यांनी त्याच्या पाठीवरून, पोटावरून हात फिरवला आणि मुलाला बोलावलं.

"ह्याला डागतराकडं ने. ह्याच्या पोटात कायतरी व्हतंय. खालच्या मळ्यातलं कुत्रं वाघानं न्येलं, ते तर काठीवानी व्हतं, तरी पळता आलं न्हाई त्याला. ह्यो तर पोतं हाय."

जावई कचेरीत जायच्या आधी त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन निघाला. नातीला सुट्टी होती, तीही निघाली. मलाही चालायचं होतंच, आणि खरं सांगायचं तर तिथे काय निघतं ते ऐकल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. कुत्रा दोरीला धरून चालवत नेला. वाटेत तो दोनदा बसला.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते. त्यांच्याकडे कुत्र्याला उभं करून वजन करता येईल असा काटा नव्हता, माणसांचा साधा काटा होता. ते जावयाला म्हणाले, त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा. जावयाने कुत्रा उचलला. कुत्र्याने त्याच्या मानेत तोंड घातलं आणि डोळे मिटले. मग जावई एकटा उभा राहिला. नातीने दोन्ही आकडे ऐकून तोंडी वजाबाकी केली आणि उत्तर मोठ्याने सांगितलं. हातचा घेऊन केलेली वजाबाकी होती, मला अभिमान वाटला. पण त्या नादात तिने बापाचंही वजन सगळ्या दवाखान्याला मोठ्याने सांगितलं होतं. डॉक्टरांनी आधी कुत्र्याच्या पोटाकडे पाहिलं, मग जावयाच्या पोटाकडे, आणि म्हणाले, याला जंत नाहीत, आजार नाही, हा जास्त खातो.

जावई म्हणाला की आम्ही तर सकाळ-संध्याकाळ एकेकच भाकरी घालतो. डॉक्टर म्हणाले, मग तिसरी कोणीतरी घालतंय. मी भिंतीवरचं गाईच्या लसीचं चित्र वाचत होते. नातीने माझ्याकडे पाहिलं. परत येताना तिने मला सहज विचारावं तसं विचारलं की आजी, तू परवा मला जत्रेत नेणार होतीस ना. मी असं काही कबूल केलेलं नव्हतं. मी म्हटलं, हो, नेणार आहे.

त्या दिवसापासून कुत्र्यालाही पथ्य लागलं. त्याला फक्त मुलगी खायला घालणार, तेही अर्धी-अर्धी भाकरी, आणि माणसांच्या जेवणाच्या वेळी त्याला मागे लिंबाला बांधून ठेवायचं. घरात आता दोन पथ्यवाले झाले. सकाळी साडेनऊला तो मागे लिंबाखाली रडायचा आणि मी पुढे पाटावर बसून दुधीकडे बघायचे. दोन दिवस मी जमेल तितकं खाल्लं. मग भाकरी पदरात बांधायला लागले आणि हात धुवायच्या निमित्ताने मागे जाऊन त्याच्या पुढ्यात ठेवायला लागले. तोही शहाणा. मी दिसले की रडायचा नाही.

ज्या दिवशी घोटाळा झाला तो आठवडे बाजाराचा दिवस होता. मी वाढवलेली गोळी घेतली. भाकरी पदरात गेली आणि पदरातून लिंबाखाली गेली. बाजाराला निघण्याआधी लाडू खायचा असं ठरवलं होतं. आत जाऊन खोळीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. हाताला तांबड्या मुंग्या. लाडवांवर, खोळीवर, रबरावर, सगळीकडे मुंग्या. मी खिडकीतून खोळ झटकली, लाडू उसाच्या बांधावर फेकून दिले, आणि बोटं चोळत बाहेर आले. विहीणबाई चप्पल घालून तयार होत्या. त्यांना बाजारात तंबाखूची पानं घ्यायची होती, ते त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. मुलीला त्यांनी मेथी आणायला जाते असं सांगितलं होतं.

बाजार भरलेला होता. डिंभे धरणाकडचे लोक मासळी घेऊन बसले होते, डोंगरातल्या बायका हरभऱ्याच्या गड्ड्या घेऊन. आम्ही दोघी हात धरून चालत होतो, म्हणजे मी त्यांना वाट दाखवत होते आणि त्या मला सांभाळत होत्या. मेथीवालीजवळ पोचेपर्यंत माझे हात कापायला लागले. मला वाटलं मुंग्यांमुळे. मग गळ्याला घाम आला, थंडीच्या दिवसांत, आणि मेथीच्या जुड्या एकीच्या दोन दिसायला लागल्या. मी विहीणबाईंना काही सांगणार होते, पण शब्द जागेवर सापडेना. तेहतीस वर्षं बोलून पोट भरलेल्या बाईला मेथी म्हणता येईना. मी तिथेच, कांद्याच्या पोत्याला टेकून, खाली बसले.

एवढं आठवतं की विहीणबाईंनी माझा हात पकडला, मनगट दाबून पाहिलं, आणि त्या ज्या वेगाने वळल्या त्या वेगाने मी त्यांना कधी हलताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या दुकानात गुळाची ढेप फोडलेली होती. त्यांनी दुकानदाराला काही विचारलं नाही. मुठीएवढा खडा उचलला, परत आल्या, आणि माझ्या तोंडात कोंबला. वर पाण्याचा तांब्या लावला. त्यांच्या थोरल्या भावाला साखर होती, त्याला असंच व्हायचं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दुकानदार मागोमाग आला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक खडा आणून ठेवला.

दहा मिनिटांत मेथी पुन्हा एकेकटी दिसू लागली. विहीणबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, भर बाजारात.

"सकाळची भाकर कुटं गेली?"

मला खोटं सुचेना. खोटं बोलायलाही साखर लागत असावी.

"कुत्र्याच्या पोटात," मी म्हटलं.

"कवाधरनं?"

"आल्यापासून. चौथ्या दिवसापासून."

त्यांनी पदराने माझ्या गळ्याचा घाम पुसला. मला वाटलं त्या माझ्या जिवाची काळजी करतायत. मग म्हणाल्या, "लई शान्या तुमी. डागतर न्हाई म्हनला तरी मला वाटलं त्याच्या पोटात गाठ झाली. दोन शुक्रवार उपास केला मी त्याच्यासाठी. आन तुमी त्याला वाघाच्या ताटात वाढायला निघाल्या."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. त्या म्हणाल्या, आता उठायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, आणि जे मला सांगितलं ते सगळं त्यांना सांगायचं. मी म्हटलं, चालेल, पण मग तुम्हीही तोंड उघडून हिरडी दाखवायची. त्या म्हणाल्या, माझं काय त्यात. मी म्हटलं, तुम्ही मेथी आणायला आलात आणि तुमच्या पिशवीत तंबाखूची पानं आहेत. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, चला.

अशा आम्ही दोघी कोणाला न सांगता डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. दुधी, कुत्रा, लाडू, मुंग्या. डॉक्टर ऐकताना एकदाही हसले नाहीत, ते मला फार लागलं. त्यांनी बोटाला टोचून रक्त पाहिलं. म्हणाले, गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, यात माणूस जातो, बाई. तुम्ही शिकलेल्या आहात. हे वाक्य मी स्वतः किती पालकांना ऐकवलं होतं ते मला माहीत आहे. पण दुधीशिवाय भाज्या असतात हेही त्यांनीच सांगितलं, आणि तेल अजिबात नको असं आपण म्हणालोच नव्हतो, थोडी फोडणी चालेल, असं म्हणाले. तो तेलाचा नियम मुलीने आपल्या मनाने वाढवला होता. गोळी पुन्हा पहिल्याइतकी केली.

मग विहीणबाईंनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. तेवढा वेळ मी त्यांचा हात धरून होते, आणि त्यांचा हात गार पडला होता. तेव्हा मला कळलं की त्या इतके महिने डॉक्टर का टाळत होत्या. त्यांना मशेरी सोडायची भीती नव्हती, भीती वेगळीच होती. डॉक्टर म्हणाले, दाताचं टोक तुटलंय आणि ते हिरडीला घासतंय, त्यावर रोज मशेरीची पूड. टोक घासून घेऊ, मशेरी सोडा, महिन्याने पुन्हा दाखवा. विहीणबाईंनी तोंड मिटलं. बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, धूळ लई हाय हितं.

घरी काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण गाव लहान. कांदेवाल्याने जावयाला चहाच्या टपरीवर विचारलं की तुमच्या सासूबाई आता बऱ्या आहेत ना. संध्याकाळी घरी आल्यावर जावयाने मुलीला विचारलं, मुलीने मला विचारलं, आणि मी सांगितलं.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठून मशीनवर जाऊन बसली. तासभर मशीन चालू होतं. नंतर मी जाऊन पाहिलं तर तिने एका ब्लाउजची बाही तोंडापर्यंत शिवून बंद करून टाकली होती. मी तिच्याजवळ स्टुलावर बसले आणि टाके उसवायला लागले.

"बाबा गेले तेव्हा मला संध्याकाळी कळलं," ती म्हणाली. "सकाळी गेले आणि मी दिवसभर इथे हुक लावत बसले होते. तुझंही मला कोणीतरी कांदेवालाच सांगणार का?"

मी बाही पूर्ण उसवून तिच्या हातात दिली. मग मी तिला म्हटलं की तुझी दुधी खरंच फार वाईट असते. ती रडत होती ती हसली, आणि म्हणाली की मलाही आवडत नाही ती, मी स्वयंपाकघरात लसणाची चटणी घेऊन जेवते. म्हणजे घरात धड जेवणारा कुत्रा तेवढा एकटाच होता.

दुसऱ्या दिवसापासून फोडणीचा वास आला. मेथी, शेपू, मुगाची उसळ. नाचणीच्या जागी ज्वारीची भाकरी. विहीणबाई आपली खाट सोडून खुर्ची माझ्या पाटाशेजारी ओढून बसू लागल्या आणि माझं ताट रिकामं झाल्याशिवाय उठेनात. दिसत नव्हतं त्यांना, म्हणून त्या ताटात हात घालून चाचपायच्या. मीही दुपारी लिंबाच्या झाडापर्यंत त्यांच्याबरोबर जाऊ लागले. त्या मांजराला हाक मारायच्या, मांजर पायाशीच असायचं, आणि आम्ही दोघी थोडा वेळ उन्हात उभ्या राहून परत यायचो. पहिले आठ दिवस त्यांचं डोकं फार दुखलं. त्या सगळ्यांवर चिडायच्या, मांजरावरसुद्धा. महिन्याभरात त्यांची हिरडी भरली. त्यानंतर त्यांनी मशेरी कायमची सोडली असं त्या सांगतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवते, असं मीही सांगते.

नातीला मी जत्रेत नेलं. ती कुठल्या जत्रेबद्दल बोलत होती ते तिलाही माहीत नव्हतं, म्हणून शेवटी आम्ही तिच्या शाळेजवळ लागलेल्या आकाशपाळण्यात बसून आलो. कुत्र्याचं पोट हळूहळू वर गेलं. एका संध्याकाळी तो एका हाकेत ओट्यावर आला आणि विहीणबाईंनी त्याच्या फासळ्या चाचपून पाहिल्या, मग माझ्याकडे तोंड करून नुसती मान हलवली. माझ्या अंगठ्याची जखमही भरली. पुढच्या तपासणीत साखर खाली आली आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

जुन्नरला परतायचा दिवस ठरला तेव्हा विहीणबाईंनी जाहीर केलं की त्याही आठ दिवस माझ्याकडे येणार. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून बाळंतपणाला माहेरी आणि लग्नकार्याला पाहुण्यांकडे, याशिवाय त्या कुठे राहायला गेल्या नव्हत्या. मुलाने विचारलं, तिकडे तुझं काय काम. त्या म्हणाल्या की ह्या बाईला एकटीला सोडलं तर ही जुन्नरला दुसरं कुत्रं शोधील. मुलीने लगेच त्यांची पिशवी भरली.

अडचण मांजराची होती. ते दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही. एसटीत मांजर न्यायला परवानगी आहे की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि विहीणबाई म्हणाल्या, इचारलं तर न्हाई म्हनतील. त्यांनी झाकणाची बांबूची पाटी घेतली, आत जुनं लुगडं घातलं, त्यावर मांजर, वर झाकण, आणि झाकण सुतळीने बांधलं. मागच्या दाराजवळच्या सीटवर आम्ही बसलो, पाटी दोघींच्या मध्ये.

मंचर सोडल्यावर कंडक्टर आमच्यापाशी आला. त्याने पाटीकडे पाहिलं.

"ह्याच्यात काय हाय, आजी?"

"कोंबडी," विहीणबाई म्हणाल्या.

नेमकं त्याच वेळी पाटी म्याव म्हणाली. कंडक्टरने पाटीकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे. त्या समोर बघत होत्या.

"कोंबडीचा घसा बसलेला दिसतोय," कंडक्टर म्हणाला.

"थंडीचं दिस हायेत," विहीणबाई म्हणाल्या.

त्याने दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि पुढे गेला. नारायणगाव येईपर्यंत कोंबडी आणखी चार-पाच वेळा म्याव म्हणाली, आणि प्रत्येक वेळी विहीणबाई जोरात खोकल्या. नारायणगावच्या स्टँडवर पुढच्या सीटवरचा एक म्हातारा उतरता उतरता थांबला. त्याने खिशातून खोकल्याच्या दोन गोळ्या काढल्या, एक विहीणबाईंच्या हातावर ठेवली आणि दुसरी पाटीच्या झाकणावर.